परब सिस्टरांची बाग

परब सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या पायांकडे बघून.

"ह्यातला कुठला अंगठा नकोसा झालाय गो तुला?"

रविवारची सकाळ होती. आमच्या गिरगावातल्या वाडीच्या मागच्या अंगणात आम्ही दहा-अकरा बिऱ्हाडकरू जमलो होतो. अंगण आपलं म्हणायचं. तिथे वर्षानुवर्षं फुटक्या लाद्या, गंजके पत्रे, दार नसलेलं एक कपाट आणि तीन पायांचा एक पलंग सुखाने नांदत होते. त्यात पाणी साचून डास झाले, नोटीस आली, आणि पहिल्या मजल्यावरच्या प्रधानकाकांनी टूम काढली की हे सगळं उपसू आणि इथे बागच करू. मी विमा कंपनीत दिवसभर खुर्चीत बसणारी बाई. कुदळ हातात आल्यावर आपण फारच कुणीतरी आहोत असं मला वाटायला लागलं होतं. ती मी डोक्याच्या वर उगारली होती. पायात रबरी सपाता होत्या.

"कुठलाच नाही," मी म्हटलं.

"मग वर जा आणि बूट घालून ये. मोजेपण. आणि ती कुदळ आधी खाली ठेव. अशी नाही. टोक मातीकडे कर."

मी ठेवली. का ठेवली ते आजही सांगता येणार नाही. त्या आवाजात दटावणी नव्हती, घाई नव्हती. 'आता जरासं टोचेल' असं सांगणाऱ्या माणसाचा तो आवाज होता, आणि त्या आवाजाला कुणी 'का' म्हणून विचारत नाही. मी जिना चढायला लागले तर मागे धाडधाड पावलं. वळून बघते तर सगळं श्रमदान रांगेने माझ्यामागे बूट घालायला निघालेलं. अंगणात एकटे प्रधानकाका उरले. कोल्हापुरी चपला घालून, कमरेवर हात ठेवून.

सिस्टर तेव्हा नुकत्याच वाडीत राहायला आल्या होत्या. बालपण डिलाईल रोडच्या चाळीत गेलेलं, वडील गिरणीत. नोकरी सगळी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, तीही ऑपरेशन थिएटरमध्ये आणि त्यातही बहुतेक वर्षं हाताच्या शस्त्रक्रियांच्या टेबलाशी. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मावशीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आल्या. उंची बेताची, अंबाडा असा घट्ट की भुवया जरा वरच राहायच्या, त्यामुळे सतत कुठल्यातरी बातमीने चकित झाल्यासारख्या दिसायच्या. चकित मात्र त्या कशानेच व्हायच्या नाहीत. बोलणं शुद्ध, मोजकं. राग आला की मालवणी. त्यामुळे सिस्टरांनी "खंय बघतंस रे मेल्या?" म्हटलं की वाडीतली माणसं आपोआप दोन पावलं मागे सरायची.

पहिल्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? कुणाला आठवेना. मंदाकाकू, म्हणजे प्रधानकाकांच्या पत्नी, लाजत म्हणाल्या, "बाळंतपणात बहुतेक." त्यांचा मुलगा तेव्हा पंचेचाळिशीचा होता. मंगळवारी आम्ही अकरा जण दवाखान्यात ओळीने दंड धरून बसलो होतो आणि डॉक्टर कंपाउंडरला विचारत होते, "अरे, हे सगळे एकाच खिळ्यावर पडले की काय?"

दुसऱ्या रविवारी नवाच फतवा. कामाला हात लावायच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. मान, खांदे, मनगटं, कंबर, गुडघे. समोरच्या इमारतीतली माणसं कठड्यांना रेलून मजा बघायला लागली. कुणी व्हिडिओ काढला, कुणी शिट्टी मारली. एक आजी तर हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं कसली तरी प्रार्थना चाललीय. आम्ही मेल्याहून मेल्यासारखे. सिस्टरांनी वर बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तिकडून बघून कंबर सुटत नाही. खाली या!" पुढच्या रविवारी चौघे आले.

आमच्यात सायली म्हणून एक मुलगी होती. आयटीत नोकरी, रोज जिम. मातीचं पोतं ती हात लांब करून, कमरेतून वाकून, एका हिसक्यात उचलायची आणि आमच्याकडे बघायची.

"ठेव ते," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मी जिममध्ये साठ किलो मारते."

"तिथे समोर आरसा असतो म्हणून सरळ उभी राहतेस. इथे आरसा कुठाय? गुडघे वाकव. पोतं पोटाशी घे. लहान मूल उचलतो तसं. आणि वळायचं असेल तर पाय वळव, कंबर नको."

हे 'लहान मूल' वाडीत असं काही रुजलं की विचारू नका. महिनाभरात गॅसचा सिलेंडर, पाण्याचं पिंप, गहू दळायचा डबा, सगळंच लोक पोटाशी धरून उचलायला लागले. मंदाकाकू एकदा गिरणीवरून पिठाचा डबा छातीशी धरून येत होत्या आणि जिन्यात मला भेटल्या. बोलता बोलता त्या डब्याला थोपटत होत्या. दोघींच्याही लक्षात आलं, आणि मग आम्ही जिन्यातच इतक्या हसलो की डबा खाली ठेवायला लागला. अर्थात गुडघे वाकवून.

टोमॅटोच्या रोपांना आधाराला बांबूच्या काठ्या लावल्या त्या दिवशी सिस्टर बराच वेळ त्या काठ्यांकडे बघत उभ्या होत्या. मग बाहेर गेल्या आणि खेळण्यांच्या दुकानातून पिवळ्या प्लास्टिकच्या चेंडूंची एक भली मोठी पिशवी घेऊन आल्या. प्रत्येक काठीच्या टोकावर एकेक चेंडू खोचला. "टोमॅटो बघायला वाकतो माणूस, आणि लक्ष टोमॅटोकडे असतं," त्या म्हणाल्या. "काठी डोळ्यात जाते."

आता अंगणात टोमॅटो सात आणि चेंडू चाळीस. प्रधानकाकांकडे पुण्याहून त्यांचे एक मेहुणे आले होते. गॅलरीतून खाली बघून ते थक्क झाले. "अरे वा! ही कुठली जात म्हणायची?"

प्रधानकाका गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर जातीची. बारमाही. खाता येत नाहीत, पण डोळ्यांना फार चांगली."

मेहुण्यांनी बी मागितलं.

प्रधानकाका आणि सिस्टर यांचं असं चालायचं. काका जुन्या मुंबईकर घराण्यातले. आजोबा कुठल्याशा गोऱ्या साहेबाचे हेडक्लार्क होते, हे ते एखादी पदवी सांगावी तसे सांगत. मराठी स्वच्छ, धोतर स्वच्छ, आणि दोन वेडं: तबला आणि गुलाब. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी चार मित्र जमत आणि आमची सगळी वाडी ठेक्यावर पोळ्या लाटत असे. बागेचा गुलाबाचा वाफा त्यांचा. तिथे ते कुणालाच येऊ देत नसत. सिस्टरांनी सगळ्यांना जाड हातमोजे घालायला लावले, तेव्हा काकांनी ते दोन बोटांत धरून परत दिले.

"सिस्टर, गुलाबाला हातमोजे घालून हात लावायचा? मी काय तिथे चोरी करायला जातो?"

"काटा लागतो."

"लागू दे. तेवढं नातं हवंच."

सिस्टरांनी हातमोजे घडी करून एप्रनच्या खिशात ठेवले. दर रविवारी त्या ते खिशातून काढून काकांपुढे धरत आणि दर रविवारी काका मान हलवत. दोघांपैकी कुणीही कधी चिडलं नाही, आणि कुणीही माघार घेतली नाही.

त्या एप्रनच्या खिशाचीच एक गोष्ट सांगायला हवी. भिंतीवर सिस्टरांनी एक फळी ठोकली होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली: खुरपी, पंजे, कोयता, फांद्या छाटायच्या दोन कात्र्या. काम सुरू करताना सिस्टर मोठ्याने मोजत आणि काम संपल्यावर पुन्हा मोजत. थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी मोजतात तसं. आकडा जुळल्याशिवाय कुणी अंगण सोडायचं नाही.

एका रविवारी मंदाकाकूंच्या भाचीचा साखरपुडा होता, दादरच्या हॉलमध्ये. साडेअकराला निघायचं होतं. अकराला सिस्टरांनी मोजलं. "कात्री एकच आहे."

शोधाशोध सुरू झाली. वाफे बघितले, पालापाचोळ्याचा ढीग उपसला, खताचं पिंप उलटं केलं. सव्वाअकरा. मंदाकाकू पैठणी नेसून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. काका म्हणाले, "सिस्टर, संध्याकाळी शोधू."

"संध्याकाळी मुलं खेळायला येतात. गवतात उघडी कात्री आहे प्रधानसाहेब. आणि ती कुणाला सापडेल? जो धावत येईल त्याला. पायाला सापडेल."

मंदाकाकूंनी पैठणीचा काठ खोचला आणि त्याही ओणव्या झाल्या. सायली झाडावर बघायला लागली. मी गटाराच्या जाळीत. पावणेबारा झाले. काकांचा फोन वाजत होता, नवरदेवाकडची माणसं आली होती. आणि अचानक सगळं थांबलं, कारण सिस्टर अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. हात बाहेर आला तेव्हा त्यात काकांचे हातमोजे होते, आणि हातमोज्यांच्या घडीत कात्री.

कुणी हसायची हिंमत करेना. सिस्टरांनी कात्री फळीवर तिच्या आकृतीत अडकवली. मग आमच्याकडे वळल्या. "चूक माझी आहे. उघडी कात्री मी खिशात ठेवली. पुढचा रविवार मी हत्याराला हात लावणार नाही. फक्त पाणी घालीन." मग मंदाकाकूंकडे जाऊन त्यांच्या पैठणीवरची माती स्वतःच्या हाताने झटकली, आणि वाडीबाहेर धावत जाऊन टॅक्सी थांबवली. पुढच्या रविवारी खरंच त्यांनी फक्त पाणी घातलं. झारी दोन्ही हातांनी धरून, शिक्षा झालेल्या पोरीसारखं तोंड करून. काका गुलाबांमागून त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढं कशाला? घरामागची एवढीशी बाग, त्यात काय होणार? आम्ही दोघी पायरीवर बसून लिंबू सरबत पीत होतो. दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने सावलीत बसून काहीतरी प्यायचंच, हाही त्यांचा नियम. सिस्टर स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "वृंदा, माझ्या टेबलावर युद्धातली माणसं नाही आली गो. सगळी अशीच. कुणी नारळ सोलत होता, कुणी कुंडी हलवत होती. 'एवढंसंच काम होतं सिस्टर,' असं म्हणायची सगळी. मी चाळीस वर्षं तुटलेलं जोडताना बघितलं. आता न तुटलेलं बघायची हौस आहे."

आणि उठून कुणाला तरी ओरडायला गेल्या, कारण पंजा दात वर करून जमिनीवर पडला होता.

श्रावणातली गोष्ट. काकांचे गुलाब भरात होते. बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काका खुर्चीवर चहा पीत बसलेले. सिस्टर दूध घेऊन वर येत होत्या. त्या माझ्यापुढून गेल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. परत खाली आल्या.

"प्रधानसाहेब, कप डाव्या हातात का?"

"सहज."

"उजवा हात बघू."

काकांनी उजवा हात पंच्याखाली सारला. सिस्टरांनी पंचा उचलला. तर्जनी अख्खी सुजून केळ्यासारखी झाली होती, आणि अर्धवट वाकलेली.

"काटा कधी लागला?"

"रविवारी. काही नाही हो, मंदाने हळद लावली आहे. एवढंसं तर—"

"बोट सरळ करा."

"नंतर करतो."

सिस्टरांनी दोन बोटांनी त्या बोटाचं टोक धरलं आणि अगदी हलकेच, पानावरचं पाणी टिपावं तसं, वर उचललं. काका असे ओरडले की छपरावरची कबुतरं उडाली.

सिस्टरांनी काकांच्या डाव्या हातातला कप काढून घेतला. चेहरा काही बदलला नाही; आवाज मात्र तोच झाला, पहिल्या दिवशीचा. "मंदावहिनी, कपडे भरा. ह्यांना आता काही खायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही. वृंदा, टॅक्सी आण."

"अहो पण गुरुवारची बैठक—" काका म्हणाले.

"बोटाच्या आतल्या म्यानात पू झालाय. कुठल्या गुरुवारची बैठक हवीय ते ठरवा. उद्याची की पुढची सगळी?"

काका उठले. पांढरेफटक पडले होते. टॅक्सीत मी पुढे बसले, मागे ते तिघं. ऑपेरा हाउसपासून परळपर्यंत सिस्टरांनी काकांचा हात आपल्या खांद्याच्या उंचीवर, वर धरून ठेवला होता, आणि प्रत्येक सिग्नलला टॅक्सीवाल्याला सांगत होत्या, "सावकाश. पण थांबू नको." तो बिचारा दोन्ही करायचा प्रयत्न करत होता.

हॉस्पिटलात आम्ही शिरलो आणि मला पहिल्यांदा कळलं, सिस्टर कोण होत्या. दारावरचा वॉर्डबॉय खुर्चीवरून उठला. लिफ्टवाला उठला. आत टेबलाशी बसलेले केस पांढरे झालेले सर्जन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर! मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. ह्यांनी केलंय. तर्जनी, उजवी, तीन दिवस. पोटात अर्धा कप चहा आहे, आठ वाजताचा. तबला वाजवतात."

शेवटचं वाक्य त्यांनी इतर लक्षणांसारखंच सांगितलं. डॉक्टरांनी बोट बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. दुपारी ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर मंदाकाकू जप करत होत्या. सिस्टर बसल्या नाहीत. थिएटरच्या दाराकडे तोंड करून उभ्याच होत्या. डॉक्टर बाहेर आले आणि आधी सिस्टरांना म्हणाले, "स्नायूची दोरी वाचलीय. उद्या आणला असता तर सांगता आलं नसतं." सिस्टरांनी मान हलवली. मग भिंतीकडे वळून पदराने चष्मा पुसायला लागल्या, आणि तो बराच वेळ पुसला.

खरी लढाई नंतर झाली. जखम भरली, पण बोट वाकेना. रोज सकाळी आणि संध्याकाळी सिस्टर पहिल्या मजल्यावर हजर. कोमट पाण्याचं घमेलं, त्यात काकांचा हात. "वाकवा." "दुखतंय." "माहितेय. वाकवा." काका मुंबईच्या जुन्या घराण्याला न शोभणारे शब्द बोलत आणि सिस्टर मालवणीत त्याहून वरचढ उत्तर देत. मंदाकाकू आतून ओरडत, "अहो, खालच्या मजल्यावर मुलं आहेत!" नऊ आठवडे हे चाललं. पहिल्या दिवशी बोटाचं टोक तळव्यापासून चार बोटं लांब होतं. मग तीन. मग दोन. वाडीत कुणीही कुणाला भेटलं की आधी विचारायचं, "किती राहिलं?"

दिवाळीनंतरच्या गुरुवारी काकांच्या घरी बैठक झाली. चार मित्रांऐवजी साठ माणसं. गॅलरी, जिना, सगळं भरलेलं. काकांनी तबला पुढे ओढला, हातोडीने सूर लावला. मग तर्जनी किनारीवर पडली आणि 'ना' असा स्वच्छ वाजला की जिन्यातल्या माणसांनीसुद्धा श्वास सोडला. पुढे लय दोनदा घसरली, समेवर एकदा हुकले, पण कुणाला त्याचं काय? सिस्टर पुढच्या ओळीत बसून फक्त त्या बोटाकडे बघत होत्या. त्यांना तबल्यातलं काही कळत नव्हतं. सगळे "वा" म्हणत तेव्हा त्या गप्प, आणि भलत्याच ठिकाणी, बोट पूर्ण वाकलं की, एकट्या म्हणत, "बरोबर!"

त्या रविवारी काका बागेत खाली आले तेव्हा सिस्टरांनी नेहमीप्रमाणे खिशात हात घातला. काका म्हणाले, "राहू द्या." पिशवीतून त्यांनी स्वतःचे हातमोजे काढले. चामड्याचे, थेट कोपरापर्यंतचे. वेल्डर वापरतात ते. ते घालून काका गुलाबांपुढे उभे राहिले. धोतर, त्यावर ते हात. सायली मटकन खाली बसली हसून हसून. सिस्टर काकांभोवती एक चक्कर मारून आल्या, शिवण तपासली आणि म्हणाल्या, "अंगठ्यापाशी सैल आहे. चालेल." आणि मग त्याही हसल्या. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. हसणं चक्क लहान मुलीचं होतं, थांबतच नव्हतं, आणि ते ऐकून आम्ही पुन्हा सगळे.

चार वर्षांनी वाडी पाडायचं ठरलं. नवीन इमारत व्हायची होती. बिऱ्हाडं पांगली, कुणी ठाण्याला, कुणी बोरिवलीला. जाताना प्रत्येकाने एकेक रोप नेलं, आणि सिस्टरांनी ती कशी उचलायची, टेम्पोत कशी बांधायची, हे दाराशी उभं राहून प्रत्येकाला सांगितलं. त्या पुतणीकडे मुलुंडला गेल्या. फोन व्हायचे, मग कमी झाले. माझंही बदलीचं काहीबाही चाललं होतं.

परवा दादरला एका सिग्नलला टॅक्सीत अडकले होते. पलीकडच्या फुटपाथवर एका सोसायटीच्या भिंतीला शिडी लावलेली, आणि शिडीच्या अगदी टोकाला उभा राहून एक माळी बोगनवेल छाटत होता. खाली शिडी धरून एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. खांद्याची पर्स पाठीवर टाकलेली, आणि स्वतःच्या आधाराची काठी शिडीच्या पायरीला अडकवून ठेवलेली. अंबाडा पांढराशुभ्र झाला होता, पण घट्ट होता. त्या तिथे राहत नसणार, माळ्याला ओळखत नसणार. नुसत्या त्या रस्त्याने चालल्या असणार.

"सिस्टर!" मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि जोरजोरात हात हलवला. "परब सिस्टर!"

त्यांनी वळून बघितलं. ओळखलं. भुवया होत्या त्याहून वर गेल्या, चेहरा सगळा उजळला. पण हात हलवायचा तर शिडी सोडावी लागली असती.

"वृंदाऽऽ! हात आत घे!"

मी घेतला. माझ्या टॅक्सीवाल्यानेही दचकून खिडकीवरचं आपलं कोपर आत घेतलं. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागून हॉर्न सुरू झाले. मी मागच्या काचेला तोंड लावून बघितलं. सिस्टरांनी मान पुन्हा वर केली होती, काहीतरी बोलत होत्या, आणि वरचा माणूस मुकाट्याने एक पायरी खाली उतरत होता.